वैमानिक व्हायचंय? आधी दोनशे तासांचं गणित समजून घ्या

पुढे बारावीची मुलं-मुली बसली आहेत आणि मागे त्यांचे आई-बाबा. मुलांना विचारायचंय, वैमानिक कसं होतात. आई-बाबांना विचारायचंय, एवढा पैसा घालून पोरगं अडकणार तर नाही ना? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

आधी कागदावरच्या अटी बघू. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो. डीजीसीएच्या लेखी परीक्षा असतात: हवाई नियम, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि विमानाचं तंत्र. प्रत्येक विषयात ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा.

पण या सगळ्याच्या आधी काय करायचं? मेडिकल! सीपीएलसाठी पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. चष्मा लागला की संपलं, हा गैरसमज आहे; चष्मा लावून नजर ठरलेल्या पातळीची भरली तर चालतं. रंगांध असाल तर मात्र अडचण येते, कारण धावपट्टीचे दिवे लाल, हिरवे, पांढरे असतात आणि प्रत्येक रंगाला अर्थ असतो. फी भरून झाल्यावर हे कळलं तर काय उपयोग? म्हणून पहिला रुपया मेडिकलवर खर्च करा.

आता मुख्य गोष्ट. सीपीएलला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख असता. एक लांबचा प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरायचं. आपल्या भागात कल्पना करायची तर नागपूरहून रायपूर, तिथून गोंदिया, आणि परत नागपूर. एवढं अंतर जेमतेम भरतं. शिवाय रात्रीचं उड्डाण आणि फक्त उपकरणं बघून केलेलं उड्डाण, यांचेही तास ठरलेले आहेत.

तुम्ही म्हणाल, २०० तास म्हणजे काय, रोज एक तास केला तरी सात महिन्यांत संपले. इथंच गणित चुकतं. एका तासाच्या उड्डाणासाठी चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: दुरुस्त विमान, मोकळा प्रशिक्षक, मोकळी धावपट्टी आणि चांगलं हवामान.

आपल्या नागपूरचंच घ्या. इथला फ्लाइंग क्लब १९४७ सालचा, जुना आणि मानाचा. पण सोनेगावची धावपट्टी प्रवासी विमानं आणि वायुदलही वापरतं. मोठं विमान उतरत असलं की छोट्या विमानानं थांबायचं. आणि मे महिना! हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे, पण ४५ अंशांत विमान असं वागतं की जणू ते पाच हजार फुटांवर, महाबळेश्वरापेक्षा उंच ठिकाणी उभं आहे. दुपारी वर हेलकावेही बसतात. म्हणून उन्हाळ्यात शिकणारे भल्या पहाटे हजर असतात. पुढे पावसाळा आला की ढगांची वाट बघणं सुरू.

या क्लबमध्येही मधली काही वर्षं प्रशिक्षण बंद होतं. संस्था जुनी आहे एवढ्यावर तास मिळत नाहीत, एवढंच यातून लक्षात घ्या. विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला मोठी प्रशिक्षण संस्था आहे. कुठंही जा, प्रवेश घेताना चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विचारा: आज किती विमानं उडती आहेत? विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती? गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला महिन्याला सरासरी किती तास मिळाले? शक्य झालं तर तिथं शिकणाऱ्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून हेच विचारा. सगळी फी एकदम भरू नका. उड्डाण होईल तशी हप्त्यानं भरायची सोय मागा. तास लांबले की राहण्या-जेवणाचा खर्च आणि कर्जाचं व्याज चालूच राहतं.

शेवटचं, आई-बाबांसाठी. सीपीएल म्हणजे परवाना, नोकरी नव्हे. शिकणं होतं छोट्या सेसनासारख्या विमानावर. एअरलाइनला हवा असतो एअरबस किंवा बोइंग चालवणारा. त्यासाठी टाइप रेटिंग करावं लागतं आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा वेगळा, तोही लाखांत. नंतर कॅप्टन व्हायला एटीपीएल लागतं, त्याला १५०० तास. म्हणून हिशेब सीपीएलपर्यंतचा मांडू नका. परवाना हातात आल्यावर वर्ष-दीड वर्ष नोकरी मिळाली नाही तर हप्ता कुठून जाईल, हेही त्याच वहीत लिहा.

हे सगळं लिहूनही मुलगी म्हणाली की मला उडायचंच आहे, तर तिला खुशाल पाठवा. फक्त पहिला फोन मेडिकलसाठी करा.