वाढण्यासाठी बांधलेली घरे

पावण्यात ऐतिहासिक वास्तू कोणती, असे कोणी विचारले की मी गडबडतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांच्या शेड आणि मागे पारसिकचा डोंगर, एवढेच दाखवता येते. वारसा पाहायला लोक मुंबईला जातात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली युनेस्कोच्या यादीत गेले, ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ साली. मी मात्र पाहुण्यांना याच रस्त्याने दक्षिणेला, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला नेतो. पाहुणे जरा हिरमुसतात.

वास्तू ऐतिहासिक कधी ठरते? न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली जुने पेन्सिल्व्हेनिया स्टेशन पाडायला घेतले. त्या हळहळीने जोर धरला आणि १९६५ साली तिथे वास्तूसंरक्षणाचा कायदा झाला. त्यात वयाची अट तीस वर्षे. योगायोग असा की, त्याच १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग'च्या अंकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची योजना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. कोरियांनी आखलेली आर्टिस्ट व्हिलेजची वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली, म्हणजे न्यूयॉर्कच्या मापाने ती केव्हाच वयात आली आहे.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. सात घरांमध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचा एक चौक. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरे, बारा मीटरच्या मोठ्या चौकाभोवती. असे करत वसाहतीच्या मैदानापर्यंत पोचायचे. आपल्या वाड्यातला चौक एका कुटुंबाचा, इथला सात कुटुंबांचा. रहिवाशांच्या उत्पन्नात मोठी तफावत, पण भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतच. खर्च वाचावा म्हणून शौचालये जोडीजोडीने बांधली. घरांना सामाईक भिंत मात्र नाही. शेजाऱ्याला न विचारता मालकाला आपले घर वाढवता यावे, हा त्यामागचा हेतू.

लोकांनी ते वाढवलेही. उतरती कौले उतरली, मजले चढले, काही घरे मुळासकट नवी झाली. अभ्यासक याला ऱ्हास म्हणतात तेव्हा मला त्यांचे पटत नाही. जी घरे बदलण्यासाठीच बांधली, त्यांचे छप्पर आहे तसे ठेवा असे मालकाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि तिच्यात श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, तिसरीत बरेच बदलता येते. पण हा हिशेब मुख्यतः इमारतीचा आहे, मोकळ्या जागेचा कमी. बेलापुरात मला उलटी नोंद हवी आहे. घर मालकाने हवे तसे बांधावे. आठ आणि बारा मीटरचे चौक, दोन घरांमधली फट आणि वसाहतीतून वाहणारा ओढा यांची मापे मात्र नकाशावर पक्की करून ठेवावीत. मागच्या खेपेला एका चौकात मी पावले मोजत होतो, तर तिथे मोटारी लावलेल्या असल्याने पलीकडच्या भिंतीपर्यंत मला पोचताच आले नाही.