परदेशी सहल आणि मद्यपानाचे किमान वय

कायदा कुठला? प्रवाशाच्या मायदेशाचा नव्हे, तर तो उतरतो त्या देशाचा.

कुठे किती?
- १८ वर्षे: ब्रिटन, फ्रान्स, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया.
- २० वर्षे: थायलंड, जपान. जपानमध्ये २०२२पासून सज्ञान होण्याचे वय १८ झाले. मद्याची अट मात्र २०च राहिली.
- २१ वर्षे: अमेरिका, दुबई, श्रीलंका. अमेरिकेतील ही मर्यादा १९८४च्या केंद्रीय कायद्यामुळे देशभर लागू झाली.
- जर्मनी: बिअर व वाइनसाठी १६, कडक मद्यासाठी १८.
- कॅनडा: अल्बर्टा, मॅनिटोबा, क्वेबेकमध्ये १८, इतर प्रांतांत १९.
- तुलनेसाठी: गोव्यात १८, महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५.

पूर्ण बंदी: शारजा, कुवेत. मालदीवमध्ये पर्यटकांना रिसॉर्टवर मद्य मिळते, पण सामानातून नेता येत नाही.

वयाचा पुरावा: पासपोर्ट.

विमानात: केबिन क्रूने दिलेलेच मद्य पिता येते. स्वतः आणलेली बाटली उघडता येत नाही. भारतीय कंपन्यांच्या देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही.

सामानात: ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले मद्य नेण्यास मनाई. २४ ते ७० टक्क्यांचे चेक-इन सामानात प्रतिप्रवासी ५ लिटरपर्यंत.

परतताना: भारतात २ लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त.