हळद नेमकं काय विझवते?

सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं अंगच बिघडतं तेव्हा, रक्तदाब का कोसळतो, ते आज सांगणार होतो. पण सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्यांचं पत्र आलंय, आणि सांगलीत बसून हळदीचा प्रश्न मागे ठेवणं काही बरं नव्हे. ते विचारतात, ‘भक्षकपेशींच्या नायट्रिक ऑक्साइडमुळे दाह भडकतो म्हणता, मग आमची राजापुरी हळद तो वायू अडवते का?’

काचपात्रात अडवते. उंदराच्या भक्षकपेशींना जिवाणूंच्या कवचातलं विष दिलं, की काही तासांत त्यांच्यात आयनॉस हे विकर तयार होतं आणि आर्जिनिनपासून वायू निघू लागतो. १९९५ साली ब्रुए आणि ओशिमा यांनी त्या पेशींना जोडीला हळदीतलं कर्क्युमिनही दिलं, तर वायू घटला. गंमत अशी, की आयनॉस घडवण्याचा जनुकाचा निरोपच कमी झाला होता. सुरू झालेलं काम थांबवण्यापेक्षा हे फार मुळाशी जाणं आहे.

पण त्या पेशी कर्क्युमिनच्या द्रावणातच ठेवलेल्या होत्या. आपल्याकडे वाटेत आतडं आणि यकृत आहे. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये माणसांना दोन ग्रॅम नुसतं कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते सापडेना, सापडलं तर नाममात्र. मिऱ्यातलं पायपरिन जोडीला दिल्यावर प्रमाण वीसपट झालं. पण नाममात्राच्या वीसपट म्हणजे किती, हे व्यापाऱ्यांना मी काय सांगावं! सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत जी हळद वर्षानुवर्षं टिकायची, ती रक्तात मात्र टिकत नाही.

इथे कुणीतरी पेटंटची आठवण काढतंच. जखमेवरच्या हळदीचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं, रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवलं. अभिमान मलाही आहे. पण त्या लढाईत हा उपयोग जुना आहे एवढंच सिद्ध झालं. तो किती गुणकारी, हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता.

माझं खरं भांडण हळदीच्या गोळ्यांच्या डब्यांशी आहे. ‘दाह कमी करते’ आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ या दोन ओळी एकाच डब्यावर असतात. नायट्रिक ऑक्साइडच्या हिशेबात त्या एकमेकींच्या विरोधात जातात. आयनॉसचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना क्षयाचे जंतू दिले, तर ते साध्या उंदरांपेक्षा फार लवकर मरतात. त्यांच्या जखमाही उशिरा भरतात. जो वायू सांधा सुजवतो, तोच जंतू मारतो. तेव्हा गोळीनं तो खरोखरच अडवला, तर दुसरी ओळ खोडावी लागेल; आणि अडवला नाही, तर पहिल्या ओळीला दुसरा आधार शोधावा लागेल.

माणसांमध्ये हा वायू मुद्दाम अडवून पाहिलेला आहे, तोही सेप्सिसच्याच रुग्णांत. रक्तदाब वर आला, आणि मृत्यू वाढले म्हणून चाचणी मधेच थांबवावी लागली. ते औषध हळदीतलं नव्हतं. त्याची हकिगत पुढच्या आठवड्यात, आणखी एखादं पत्र आडवं आलं नाही तर.