दुबईच्या लग्नाला जाताना

लग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारातला मांडव येतो. पण आखातात नोकरीला असलेली मुले आता तिकडेच लग्न करतात आणि मामी-मावशीला विमानाचे तिकीट पाठवतात. आमच्या गटातल्या एका काकूंना भाचीच्या लग्नाचे असेच दुबईचे बोलावणे आले. त्यांची तयारी करताना आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिले काम पासपोर्टचे. काकूंच्या आधार कार्डावर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि पासबुकात तिसरेच. ते जुळवण्यातच दोन महिने गेले. म्हणून तारीख कळताच कागद काढून बसा. ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये आहे. पासपोर्ट आधीचा असेल, तर प्रवासानंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. लहान मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. तिकीट आणि व्हिसावरचे नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. घाबरू नका. ती तपासणी परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी असते, पाहुणीसाठी नाही. मात्र ‘आलीच आहेस तर इथेच कामाला राहा’ असे कोणी म्हटले, तर स्पष्ट नाही म्हणा. पाहुणीच्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे.

आता पिशवीचे. काकूंनी रुखवतासाठी अनारसे केले होते, अर्थातच खसखशीवर थापून. निघायच्या आदल्या दिवशी गटातल्या एकीच्या मुलाचा तिकडून फोन आला, “मावशी, खसखस आणू नका!” तिकडे खसखस अमली पदार्थांत धरतात. थोडी सापडली तरी अटक होऊ शकते. घरच्या काळ्या मसाल्यातही ती असते, तेव्हा तोही नको. त्या रात्री आम्ही चौघींनी बसून तीळ लावलेले अनारसे तळले.

सुके खोबरेही घेऊ नका. ते पेट घेणारे म्हणून विमानात चालत नाही. गोळ्या-औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. अनोळखी माणसाची पिशवी कधीही हाती घेऊ नका.

अंगावरचे सोने जाताना विमानतळावर कस्टमला दाखवून दाखला घ्या. म्हणजे परतताना ते तिकडून आणले असा संशय येत नाही.

तिकडे परक्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घड्याळ दीड तास मागे करा. यजमानांचा फोन नंबर आणि उतरण्याचा पत्ता कागदावर लिहून कनवटीला ठेवा, मोबाइल बंद पडतो.

आणि आहेरासाठी गटाचे कर्ज काढू नका. काकूंनी भाचीला स्वतः शिवलेली गोधडी दिली. मांडवात सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली.