मोडलेल्या गांवांच्या अवशेषांची बाग

शेतकऱ्याच्या घरीं कोणतीहि वस्तु सहसा वायां जात नाहीं. झिजलेला फाळ लोहाराकडे जाऊन खुरपें होऊन परत येतो, मोडक्या गाडीचें लांकूड गोठ्याच्या कुडास लागतें, आणि फाटक्या पोत्याची झूल बैलाच्या पाठीवर पडते. तथापि एक वेळ अशी येते कीं वस्तु कोणत्याच कामाची उरत नाहीं व तिची जागा उकिरड्यावर ठरते. अशा उकिरड्यावरील वस्तु जमवून एका शेतकऱ्याच्या मुलानें चंडीगड येथें जी बाग उभारली, तिची हकीकत आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल. आणि ज्यांचा जमिनीशीं व गांवाशीं संबंध आहे त्यांस ती विचार करावयासहि लावील.

या बागेचे कर्ते श्री. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालीं शकरगड तहसिलींतील बेरियां कलां या खेड्यांत, शेतकरी कुटुंबांत झाला. १९४७ च्या फाळणींत तें गांव पाकिस्तानांत गेलें, आणि घरदार व जमीन मागें टाकून हें कुटुंब इकडे आलें. पंजाबची जुनी राजधानी लाहोर हीहि पलीकडे राहिल्यामुळें नवी राजधानी वसविणें प्राप्त झालें. तिची आंखणी ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध स्थापत्यविशारदानें केली. तेथें १९५१ सालीं नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यांत रस्त्यांच्या कामावरील निरीक्षक म्हणून लागले.

नव्या शहरास जागा मोकळी हवी होती. परंतु ती मोकळी नव्हती. शिवालिक टेंकड्यांच्या पायथ्याशीं तेथें खेडीं नांदत होतीं, पिकांची जमीन होती, आमराया होत्या. भूसंपादनाच्या कायद्यानें जमिनी घेतल्या गेल्या आणि कित्येक गांवें उठलीं. घर पाडल्यावर कौलें, दगड, फुटकीं मडकीं, भांड्यांचे तुकडे, बांगड्यांच्या कांचा असा राडारोडा मागें राहतो. तुळई व दारें धनी घेऊन जातो. बाकीचें कोणाचेंच नसतें. स्वतःचें गांव एकदां सोडून आलेल्या या मनुष्याच्या दृष्टीस तें पडलें.

१९५७ च्या सुमारास नेकचंद यांनीं हा माल गोळा करण्यास आरंभ केला. दिवसभर खात्याचें काम करावें, आणि सायंकाळीं सायकलवर बसून उठलेल्या गांवांच्या जागीं किंवा नदीनाल्यांच्या पात्रांत जावें, असा त्यांचा क्रम होता. पाण्यानें झिजून माणसाचा, पशूचा अथवा पक्ष्याचा आकार आलेले दगड ते वेंचीत. शहराच्या उत्तरेस एक वनपट्टा कायद्यानें राखून ठेवलेला होता व तेथें बांधकामास मनाई होती. तेथील झाडोऱ्यांत एक खोपटें बांधून त्यांनीं हा सांठा केला आणि जागा साफ करून मूर्ति मांडण्यास सुरुवात केली. सुमारें अठरा वर्षें हें काम गुप्तपणें चाललें. घरचीं व जवळचीं थोडीं माणसें सोडल्यास त्याचा कोणास पत्ता नव्हता.

कामाची रीत ठाऊक करून घेण्यासारखी आहे. मोडक्या सायकलींचे सांगाडे, नळ यांचे तुकडे व लोखंडी सळया यांचा प्रथम अस्थिपंजर करावयाचा, त्यावर वाळू-सिमेंटचा गिलावा चढवून अंग भरावयाचें, आणि गिलावा ओला असतांनाच वरून बांगड्यांचे, चिनी मातीच्या भांड्यांचे व फरशांचे तुकडे बसवावयाचे. भट्टींत जळून एकमेकांस चिकटलेल्या विटांचे गोळे, ओतकामाच्या भट्टींतून निघालेलें लोखंडाचें कीट, डांबराचीं रिकामीं पिंपें, विजेच्या जोडणीचे निकामी चिनी मातीचे भाग, पावसानें आंतल्या आंत दगड झालेलीं सिमेंटचीं पोतीं, यांच्या भिंती झाल्या. मूर्ति म्हणाल तर डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, वाद्यें वाजविणारे, गुरें, माकडें, मोर, म्हणजे खेड्यांत जें दिसतें तेंच. मूर्तिशास्त्राचें शिक्षण त्यांस मुळींच नव्हतें.

१९७५ सालीं हें बिंग फुटलें. तोंवर सुमारें १२ एकरांत बाग पसरली होती व मूर्ति दोन हजारांच्या घरांत गेल्या होत्या. ज्याची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली त्या प्रस्तुत लेखकासारख्या मनुष्यास यावरील शेरा तोंडपाठ असतो: राखीव सरकारी जमीन, परवानगी नाहीं, सबब अतिक्रमण, नोटीस द्यावी, पंचनामा करावा, हटवावें. आणि तो नियम खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तो नसता तर तो वनपट्टाच शिल्लक उरला नसता, आणि बागेस आडोसाहि मिळाला नसता. उद्यां प्रत्येकानें गायरानांत भिंत घालून 'ही माझी कला' म्हटलें, तर गुरांनीं चरावें कोठें?

परंतु अतिक्रमण करणारा जमीन घेतो ती स्वतःसाठीं. येथें कोणी राहिलें नाहीं, पीक काढलें नाहीं, भाडें घेतलें नाहीं. पदरची मेहनत मात्र घातली. अधिकाऱ्यांनीं हा भेद ओळखला, लोकांनींहि बागेचा पक्ष घेतला, आणि १९७६ सालीं बाग सर्वांस खुली झाली. नेकचंद यांस पगारासह तेंच काम नेमून देण्यांत आलें व पन्नास मजूर हाताखालीं मिळाले. टाकाऊ माल जमा करण्याचीं ठिकाणें शहरांत ठरलीं. पुढें बागेचें क्षेत्र दुपटीहून अधिक वाढलें. १९८४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १९८६ मध्यें अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील बालसंग्रहालयासाठींहि त्यांनीं अशीच बाग केली.

मान्यता मिळाली म्हणून धोका टळला, असें मात्र झालें नाहीं. १९९० च्या सुमारास बागेंतून रस्ता काढण्याकरितां यंत्रें आलीं, तेव्हां नागरिकांनीं हातांत हात धरून तीं अडविलीं. १९९६ मध्यें नेकचंद परदेशीं असतां कोणी मूर्तींची मोडतोड केली. १२ जून २०१५ रोजीं ते वारले. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत रस्ता व वाहनतळ यांसाठीं बागेच्या भिंतीचा एक भाग पाडण्यांत आला, त्यावर शहरांत मोठा निषेध झाला.

या हकीकतींत एक गोष्ट मनास टोंचते. उठलेल्या खेड्यांतील जमिनी व घरें दप्तरीं नोंदलेलीं होतीं; त्यांचे धनी ठाऊक होते, सारा भरला जात होता; तरी तीं गेलीं. ज्या बागेची नोंद कोणत्याहि दप्तरांत नव्हती ती राहिली, आणि त्या घरांच्या फुटक्या कौलाकांचांस तिनेंच आसरा दिला. नोंद हवीच, तिच्यावांचून शेतकऱ्याचा हक्क सिद्ध होत नाहीं. परंतु वस्तु टिकते ती तिच्यासाठीं उभीं राहणारीं माणसें असलीं म्हणजेच.

आपल्या आवारांतहि मोटेचें चाक, जुनी तिफण, गुऱ्हाळाची काहील, मोडका रहाट गंजत पडलेले असतात आणि भंगारवाला वजनावर भाव करून घेऊन जातो. त्यास तें देण्यापूर्वीं गांवच्या शाळेच्या अंगणांत किंवा चावडीपाशीं त्यांची एकत्र मांडणी करतां येईल काय, याचा विचार ग्रामस्थांनीं अवश्य करावा. सारें गांव मूर्तिकार होईल असें नाहीं. पण ज्या अवजारांवर आपल्या आजोबांनीं पोट भरलें, त्यांची ओळख नातवंडांस राहील, हा लाभ भंगाराच्या भावाहून थोडका नव्हे.