गाडीचा चातुर्मास

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. इंग्लिश सेक्शनमध्ये जागा संपली होती म्हणून मी इकडे आले, असं काही जण म्हणतील. तसं नाहीये. ही गोष्ट मामाच्या गाडीची आहे, आणि मामाशी मी मराठीतच बोलते.

मामा गंगापूर रोडला राहतो. त्याच्याकडे एक सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर लाज वाटून घेऊ नका, आमच्या ऑटोमोबाईलच्या अर्ध्या वर्गाने ऐकलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, गोव्यात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. फायबरग्लासची बॉडी, वरचं छप्पर काढता येणारं, आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. ताकद जेमतेम साठ हॉर्सपॉवर! आजची साधी हॅचबॅकसुद्धा हिला मागे टाकेल. पण थंडीतल्या सकाळी टप उघडा टाकून सोमेश्वरकडे निघालं की रिक्षावालेसुद्धा वळून बघतात. मामाने ती सेकंडहँड घेतली आणि नंतर मामीला सांगितलं. ह्या विषयावर त्यांच्या घरी अजून बोलत नाहीत.

तर मुद्दा असा. माझा आतेभाऊ जर्मनीत असतो. तिकडे स्पोर्ट्स कार आणि ओपन टपच्या गाड्या हिवाळ्यात बंद करून ठेवतात, कारण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडी खालून खाऊन टाकतं. तिथे सीझनची नंबर प्लेटसुद्धा मिळते. प्लेटवरच महिने छापलेले असतात, म्हणजे समजा एप्रिल ते ऑक्टोबर. बाकीच्या महिन्यांत ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीसुद्धा करायची नाही.

आपल्याकडे उलटं आहे. नाशिकचा हिवाळा म्हणजे गाडी काढायचा सीझन. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात खरे, पण गाडीला त्या थंडीने फारसं काही होत नाही, फार तर कमजोर बॅटरी सकाळी कुरकुरते. आपला बर्फ म्हणजे पावसाळा. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तो काही इगतपुरीसारखा तीन हजारांच्या पुढे जात नाही. पण गाडीला मारतो तो वरून पडणारा पाऊस नाही. चार महिने हवेत भरून राहिलेली ओल मारते. हे मला पुस्तकात वाचून कळलं असतं तर बरं झालं असतं. मला ते मामाची गाडी खराब करून कळलं.

२०२४ च्या मे महिन्यात मी एफ.ई.ची परीक्षा देऊन सुट्टीवर होते. मामाला तेव्हा जिना चढला तरी दम लागत होता. डॉक्टर, टेस्ट वगैरे चालू होतं. दरवर्षी गाडी पावसाळ्यासाठी तो स्वतः झाकून ठेवायचा. त्या वर्षी म्हणाला, "तू इंजिनिअर होणार ना? मग तूच ठेव." पोर्चमध्ये रंगकाम चालू होतं म्हणून गाडी बंगल्यामागे मातीवर लावली. मी मेन रोडवरून एक जाड निळी ताडपत्री आणली आणि गाडीला अशी गच्च बांधली की वारासुद्धा आत जाऊ नये. वर फोटो काढून मामाला पाठवला. हँडब्रेक ओढलेला, खिडक्या पूर्ण बंद, टाकीत पाव टाकी पेट्रोल. जितक्या चुका करता येतील तितक्या एका दुपारी केल्या.

सप्टेंबरमध्ये मामाची बायपास झाली. दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, तो घरी होता. मामीने झेंडूचे हार आणले होते, आम्ही ताडपत्री सोडली आणि आतून जो वास आला तो मी विसरणार नाही. सीटवर पांढरी-हिरवी बुरशी. स्टिअरिंगवर बुरशी. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचा दिवासुद्धा लागेना. ढकलावी म्हटलं तर मागची चाकं जागची हलत नव्हती. मामा खुर्चीत बसून बघत होता, छातीशी उशी धरून, टाके ओले होते ना. त्याने एकच विचारलं, "ताडपत्री कोणी आणली?" मग त्याने बंद गाडीलाच हार घालायला लावला.

नंतर सातपूरचे एक मेकॅनिक आले, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. २००७ पासून महिंद्रा आणि रेनोची लोगन नाशिकलाच बनायची, तेव्हापासून त्यांचा रेनोच्या इंजिनांवर हात बसलेला. अण्णांनी गाडीखाली टॉर्च मारला आणि म्हणाले, "ताई, बॉडी फायबरची आहे म्हणून निर्धास्त राहिलात. खालचा सांगाडा लोखंडाचाच आहे." वरून गाडी लालभडक आणि खाली गंजाचे पोपडे.

असं का झालं ते सांगते. मेसमध्ये गरम पोळ्या डब्यात भरून लगेच झाकण लावलं की काय होतं? झाकणाला आतून घाम सुटतो आणि खालच्या पोळ्या ओल्या होतात. माझ्या ताडपत्रीने नेमकं तेच केलं. दिवसा मातीतली ओल तापून वर यायची, प्लास्टिकमधून बाहेर जायला वाट नाही. रात्री ताडपत्री आणि लोखंड गार पडायचं आणि त्याच वाफेचं पाणी होऊन गाडीवर ठिबकायचं. थर्मोमध्ये आपण ड्यू पॉइंट शिकतो तो हाच. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायचा वेग एकदम वाढतो, आणि पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्या वरच असते. मी गाडीला पावसापासून वाचवलं आणि वाफेत शिजवलं.

चाकं अडकली ती हँडब्रेकमुळे. ब्रेक लायनर चार महिने ड्रमला दाबून ठेवलं आणि मध्ये गंज धरला की दोन्ही एकमेकांना चिकटतात. म्हणून गाडी जास्त दिवस ठेवायची तर हँडब्रेक सोडायचा, गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना विटा लावायच्या.

बॅटरीचं गणितही सोपं आहे. लेड ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी थोडी थोडी उतरते, शिवाय घड्याळ, अलार्म, कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही चिमूटभर करंट खात असतात. पूर्ण चार्ज असली की १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती कितीही चार्ज करा, मेलेलीच. आमची मेली होती. सोडवताना आधी मायनस काढायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. (हे मला प्रॅक्टिकलला सरांनी तीनदा सांगितलं होतं.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाच मिनिटं स्टार्ट करून बंद केली तर? आमच्या हॉस्टेलचे वॉचमनकाकाही हेच सांगतात. मलाही हे पटायचं. पण केमिस्ट्रीचं समीकरण मांडून बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! लांब चालवली की इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापतात आणि ते पाणी वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत काहीच तापत नाही, मग ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. वर बॅटरीतून सेल्फला जेवढं गेलं तेवढं परत भरतही नाही. चालवायची तर अर्धा तास तरी चालवा, नाहीतर झोपलेल्या गाडीला उठवू नका.

पेट्रोलचं प्रकरण आताच्या काळात जास्त बघण्यासारखं आहे. २०२२ साली आपल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल झालं आणि २०२५ मध्ये वीस टक्के. आपल्याकडच्या उसाला गिऱ्हाईक मिळालं, चांगलंच आहे. पण इथेनॉल पाण्याशी सहज मिसळतं. टाकीत जेवढी जागा रिकामी तेवढी ओली हवा आत. पाण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि पंप खेचतो तो तळातूनच. शिवाय एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी पाइप आणि सील वीस टक्क्यांचा विचार करून बनवलेले नाहीत. अण्णांनी मामाच्या गाडीचे सगळे पाइप बदलायला लावले आणि टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवायला सांगितली.

२०२५ ला मी एप्रिलच्या शेवटीच कामाला लागले. मृग लागायची वाट बघितली असती तर फसले असते, कारण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. आधी खालून पाण्याचा फवारा मारून चिखल काढला आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवली. मग सांगाड्यावर गंजरोधक मारलं. ऑइल पावसाळ्यानंतर बदलायचा माझा विचार होता, पण अण्णा म्हणाले आधी बदला, वापरलेल्या ऑइलमध्ये ॲसिड आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगला कशाला चाटवायची? टायरमध्ये हवा पाच पॉइंट जास्त भरली, म्हणजे एकाच जागी दबून टायर चपटा होत नाही. बॅटरी काढून मामाच्या खोलीत ठेवली. दर महिन्याला चार्ज करायचं काम त्याला दिलं, कारण डॉक्टरांनी त्याला जड उचलायचं नाही म्हटलंय, चार्जरच्या क्लिपा लावायला मनाई केलेली नाही. तो वहीत तारीख आणि व्होल्टेज लिहायचा. शेजारी स्वतःचं बीपी.

गाडी ह्या वेळी पोर्चमध्ये, शहाबादी फरशीवर. खिडक्या बोटभर उघड्या. आत सिलिका जेलच्या पिशव्या. सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली, उंदीर शिरू नयेत म्हणून, आणि ती स्टार्ट करण्याआधी काढायची आठवण म्हणून किल्लीलाच लाल चिंधी बांधली. अंगावर सुती कव्हर. मामीच्या दोन जुन्या डबलबेडच्या चादरी त्यात गेल्या, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. आजी हे सगळं बघून म्हणाली, "म्हणजे गाडीचा चातुर्मासच की! देव आषाढीला झोपतात, ही बाई एप्रिलमध्येच झोपली."

हॉस्टेलवाल्यांसाठी दोन शब्द. आपल्या पार्किंगमध्ये सुट्टीनंतर दरवेळी पाच-सात बाइक ढकलत गेटपर्यंत जाताना दिसतात. जुनी कार्ब्युरेटरची बाइक असेल तर जाताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो आणि जेट चोक होत नाही. साइड स्टँडवर नको, मेन स्टँड असेल तर त्यावर लावा. चेनला ऑइल. बॅटरी काढून मित्राच्या खोलीत ठेवा, पण कुणाची कुठली ते लिहून ठेवा, मागच्या वर्षी ह्यावरून भांडणं झाली आहेत. आणि इन्शुरन्सची तारीख बघा. संपल्यावर नव्वद दिवसांत रिन्यू केला नाही तर नो क्लेम बोनस जातो. प्लास्टिकबद्दल मी आता काही बोलत नाही.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. सकाळी मामाने स्वतः चिंधी सोडली, मी घासणी काढली, बॅटरी लावली. पहिला सेल्फ, नाही. दुसरा, नाही. मामी म्हणाली, "राहू दे गं, हार घालू आणि जेवायला चला." तिसऱ्याला इंजिन एकदा खोकलं आणि पकडलं. मागच्या डाव्या चाकातून थोडा घासल्याचा आवाज येत होता, तो पहिल्या ब्रेकला गेला. सीट कोरड्या होत्या. वास फक्त डांबरगोळ्यांचा, त्या मामीने गुपचूप टाकल्या होत्या.

मामाला लांब गाडी चालवायची परवानगी अजून नव्हती. दोनच सीट, त्यामुळे मामी हातात ताट घेऊन गेटपाशीच राहिली. मी चालवली, मामा शेजारी बसला. सोमेश्वरपर्यंत जाऊन चहा घेतला, मामाने बिनसाखरेचा, आणि परत आलो. येताना बराच वेळ तो काही बोलला नाही. गेटपाशी उतरताना म्हणाला, "पुढच्या वर्षी तुझी परीक्षा कधी संपतेय?"