मायलेज राहू दे, ओढते किती ते सांग!

'टोइंग' म्हटलं की पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजवाल्याच्या पोटात गोळा येतो. एफसी रोडला नो पार्किंगमध्ये लावलेली बाइक, ती उचलून निघालेला टेम्पो आणि त्याच्यामागे धावणारे आपण! त्यामुळे इंग्लंडला, लीड्समध्ये राहणारी माझी ताई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आम्ही टोइंगसाठी गाडी बघतोय", तेव्हा बाबांनी विचारलं, "का गं, जावईबापूंनी नोकरी सोडली की काय?"

तसं काही नव्हतं. तिकडे गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची छोटीशी खोली, जोडून सुट्टीला जायची जुनी पद्धत आहे. शाळांना सुट्टी लागली की हॉटेलांचे दर चढतात. कॅरॅव्हॅनमध्ये बेड, गॅस, फ्रिज सगळं असतं. पोहे करा, खा, पुढे निघा. जुलैच्या शेवटी आई-बाबा तिकडे असणार, त्यात ताई, जिजू आणि सहा वर्षांची भाची असे पाच जण. सेकंडहँड कॅरॅव्हॅन ठरलीसुद्धा. राहिली ती ओढणारी गाडी.

आपल्याकडे गाडी घेताना मायलेज, सनरूफ आणि रीसेल या तीन गोष्टींवर घरात भांडणं होतात. जिजूही त्यातलेच. त्यांनी एक वापरलेली हायब्रिड पसंत केली. मायलेज भारी, मागे टोबार आधीच बसवलेला. विकणारा म्हणाला, "ओढेल की!" जिजू डिपॉझिट भरायच्या बेतात होते. ताईने मात्र दार उघडून तिथली छोटी प्लेट वाचली.

सगळी गोम या प्लेटमध्ये आहे. त्यावर एक आकडा असतो गाडीच्या भरलेल्या वजनाचा, आणि त्याखाली दुसरा, 'ट्रेन वेट'चा, म्हणजे गाडी आणि मागचा ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी किती ओढू शकते ते कळतं. समजा ३५०० वजा २१००, म्हणजे १४०० किलो. या हायब्रिडच्या प्लेटवर ट्रेन वेटचा आकडाच नव्हता. आणि तिथला नियम सरळ आहे: आकडा नाही, तर टोइंग नाही. मग टोबार कशाला? आधीच्या मालकाने सायकलींचा रॅक लावायला बसवला होता! तशीच कॅरॅव्हॅन जोडली असती आणि काही झालं असतं, तर इन्शुरन्सवाल्यांनी हात वर करायची भीती होतीच. पण मागच्या सीटवर आई-बाबा असणार होते, हे ताईच्या जास्त डोक्यात होतं.

त्यानंतर ताईने एक्सेल शीटच काढली. (आमच्या घरात लग्नाचाही हिशोब तिनेच ठेवला होता, तेही स्वतःच्या!) तिथल्या कॅरॅव्हॅनवाल्यांचा नवख्यांना सल्ला असा की भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको. गाडी १६०० किलोची, तर कॅरॅव्हॅन १३६० पर्यंत. मागचं धूड पुढच्यापेक्षा जड झालं की वाऱ्याने किंवा शेजारून ट्रक गेला की ते सापासारखं वळवळायला लागतं आणि गाडीलाच हलवतं. अशा वेळी करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टीअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा.

मग 'नोजवेट'. कॅरॅव्हॅनचं नाक गाडीच्या हुकवर जेवढं दाबतं ते वजन. कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के हवं. मला हे काही केल्या कळेना. कोरेगावला राहणाऱ्या आमच्या आजोबांना मात्र फोनवर अर्ध्या मिनिटात कळलं. "अगं, बैलगाडीचंच की! मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढं जास्त भरलं की जू बैलाच्या मानेवर बसतं." मासकॉमच्या तीन वर्षांत एवढं सोपं एक्स्प्लेनर मी ऐकलेलं नाही.

हे नोजवेट गाडीतल्या सामानातही मोजायचं, हे बरेच जण विसरतात. चार मोठी माणसं, एक पोरगी, म्हणजे तीनशे किलो धरा. त्यात हुकवरचे ऐंशी. गाडीची क्षमता पाचशे असेल तर बॅगांना उरले जेमतेम एकशेवीस.

इलेक्ट्रिकचा विचार झाला. टेस्लाची मॉडेल वाय १६०० किलो ओढते, पण काही इलेक्ट्रिक गाड्यांना टोइंगची परवानगीच नाही. शिवाय मागे कॅरॅव्हॅन असली की रेंज निम्म्याच्या आसपास येते आणि बऱ्याच चार्जिंग पॉइंटवर ती आधी सोडवावी लागते. शेवटी घेतली दोन लिटर डिझेलची वापरलेली इस्टेट, म्हणजे आपली स्टेशन वॅगन. कमी आरपीएमलाच टॉर्क, लांब, जमिनीला धरून चालणारी. मागे चाइल्ड सीटशेजारी आई-बाबा मावतात. बाबा फोटो बघून म्हणाले, "ही काय, डिकी ओढून लांब केलीये?" मला आवडली.

लायसन्सचा प्रश्न आलाच नाही. १९९७ पासून टेस्ट पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा असायची, ती १६ डिसेंबर २०२१ पासून बंद झाली. आता साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. जिजू खूश. ताईने तरीही पैसे भरून दोघांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग लावलं. तिथे रिव्हर्स घेताना जिजूंनी तीन कोन पाडले. कॅरॅव्हॅनची मागची बाजू डावीकडे न्यायची तर स्टीअरिंग आधी उजवीकडे वळवायचं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मोटरवेवर सत्तरऐवजी साठ मैलांची मर्यादा आहे आणि तीन लेनच्या रस्त्यावर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये जायला बंदी. त्यामुळे ओव्हरटेकचा विषय तसाही संपलाच.

परवा आईने नेण्याच्या सामानाची यादी वाचून दाखवली: पाच लिटरचा कुकर, पोळपाट, लोणच्याच्या दोन बरण्या. ताईने शांतपणे विचारलं, "किलो किती?" आई सध्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून कागदावर लिहितेय. कुकरला परवानगी मिळाली आहे, पण तो कॅरॅव्हॅनमध्ये खाली, बरोबर चाकांच्या वर ठेवायचा या अटीवर.